बाळंतपणानंतरची केसगळती

प्रसूतीनंतर दोन ते चार महिन्यांनी आईच्या डोक्यावरचे केस एकाएकी जास्त गळू लागतात. वैद्यकात याला ‘टेलोजेन इफ्लुवियम’ म्हणतात. हा आजार नव्हे. प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. एरवी रोज ५० ते १०० केस असे जातात. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक वाढलेले असल्यामुळे पुष्कळ केस वाढीच्या टप्प्यातच रेंगाळतात आणि वेणी भरीव दिसते. बाळंतपण झाले की इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, रेंगाळलेले केस एकदमच विसाव्यात जातात आणि पुढे बरोबरच निघतात.

मराठवाड्यात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, हाळिवाची खीर, शेपूची भाजी असा सगळा थाट असतो. लेकरू दोन-तीन महिन्यांचे झाले की बाळंतीण सासरी परतते आणि नेमकी तेव्हाच गळती सुरू होते. मग खापर फुटते ते सासरच्या बोअरच्या जड पाण्यावर. जड पाण्याने केस राठ होतात, मधूनच तुटतातही. पण या गळतीत केस मुळापासून येतो आणि त्याच्या टोकाला बारीक पांढरी गाठ दिसते. सिझेरियन झाले असेल तर पाठीतल्या इंजेक्शनला बोल लागतो, तोही विनाकारण. ‘लेकरू आईला ओळखायला लागलं की केस जातात’ ही बायकांची समजूत मात्र वेळेच्या बाबतीत अचूक आहे, तिने दिलेले कारण तेवढे चुकीचे. त्याच सुमारास लेकराच्या मानेवरचे जावळही झडते, ते वेगळेच.

फणीत रोज मोठा गुंतवळ निघाला तरी टक्कल पडत नाही. कपाळाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसू लागले की नवी वाढ सुरू झाली असे समजावे. बहुतेकींचे केस सहा ते बारा महिन्यांत पूर्ववत होतात. तोवर वेणी सैल घालावी. तेल कोणतेही लावले तरी गळती थांबत नाही, लावायला हरकतही नाही.

खरी काळजी रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि लोह कमी असेल तर गळती लांबते. आशाताई देतात ती लोहाची लाल गोळी प्रसूतीनंतरही १८० दिवस घ्यायची असते. बऱ्याच घरांत ती गरोदरपणाबरोबरच बंद होते. ती चहासोबत घेऊ नये. बीडकडच्या ऊसतोड बायांना तर बाळंतपणाचा विसावाच पुरा मिळत नाही. फडात गोळी नियमित घेणे कुठून जमणार?

वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, चाईसारखा गोल चट्टा पडला, किंवा सोबत फार थकवा, धडधड, वजनात फरक असेल तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर तपासणीआधी डॉक्टरांना सांगावे. त्यांच्यामुळे थायरॉइडचा अहवाल चुकीचा येऊ शकतो. अंगावर पाजणाऱ्या आईने मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्याचे औषध स्वतःच्या मनाने लावू नये.