सहा दिवसांचं बाळ आणि उपचाराचा हक्क

9 एप्रिल 1982 रोजी अमेरिकेच्या इंडियाना राज्यात, ब्लूमिंग्टनमध्ये एक मुलगा जन्मला. त्याला डाउन सिंड्रोम, म्हणजे जन्मतःच असणारं, बौद्धिक वाढ मंदावणारं अपंगत्व होतं आणि अन्ननलिका जठराला जोडलेलीच नव्हती. तोंडातून पाजलेलं दूध पोटात पोचणं शक्यच नव्हतं. शस्त्रक्रियेने हा दोष दूर होऊ शकत होता. पण प्रसूती करणाऱ्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया न करण्याचा मार्गही आईवडिलांपुढे ठेवला आणि त्यांनी तो निवडला. रुग्णालय न्यायालयात गेलं, तिथे आईवडिलांचा शब्द अखेरचा ठरला. त्याला दत्तक घ्यायला इतर कुटुंबं पुढे आली होती. वकील सर्वोच्च न्यायालयात दाद मागायला निघाले असतानाच, 15 एप्रिलला ते बाळ गेलं. कागदोपत्री त्याचं नाव राहिलं ‘बेबी डो’, खरं नाव झाकण्यासाठी वापरतात ते.

अशी बाळं आधीही जात होती, फक्त बंद दाराआड. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डाउन सिंड्रोम आणि आतड्याचा अडथळा असलेल्या एका बाळाची शस्त्रक्रिया आईवडिलांनी नाकारली. त्याला बाजूच्या खोलीत ठेवलं गेलं आणि ते उपासमारीने गेलं. 1973 मध्ये येल-न्यू हेवन रुग्णालयाच्या डफ आणि कॅम्पबेल या डॉक्टरांनी उघडपणे लिहिलं, की त्यांच्या नवजात विभागातल्या 299 मृत्यूंपैकी 43 उपचार थांबवल्यामुळे किंवा न दिल्यामुळे झाले होते. इंग्लंडमध्ये डॉक्टर जॉन लॉर्बर स्पायना बायफिडाच्या, म्हणजे पाठीचा कणा जन्मतः नीट न जुळलेल्या, कोणत्या बाळांवर उपचार करायचे, याचे निकष मांडत होते. तिथेच 1981 मध्ये अपील न्यायालयाने मात्र डाउन सिंड्रोम असलेल्या एका मुलीची आतड्याची शस्त्रक्रिया आईवडिलांच्या मनाविरुद्ध करायला लावली. ब्लूमिंग्टनच्या आदल्याच वर्षी.

ब्लूमिंग्टननंतर रेगन सरकारने 1973 च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम 504 चा आधार घेतला: अपंगत्वामुळे उपचार नाकारणं म्हणजे भेदभाव. 1983 मध्ये रुग्णालयांच्या भिंतींवर तशी सूचना लावायचा नियम आला. खाली तक्रारीसाठी फोन नंबर. बालरोगतज्ज्ञांची संघटना न्यायालयात गेली आणि तो नियम महिन्याभरात रद्द झाला. सुधारित नियमही 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही: आईवडिलांनी संमती दिली नसेल, तर उपचार न करण्याला रुग्णालयाने केलेला भेदभाव म्हणता येत नाही. कायद्याच्या भाषेत हे समजण्याजोगं आहे. पण त्यात बाळाची बाजू कुठे आहे? संमती नाकारण्यामागचं कारणच त्याचं अपंगत्व असेल, तर भेदभाव झालाच. तो फक्त एक पायरी आधी झाला.

टिकला तो 1984 चा बालछळ प्रतिबंधक कायद्यातला बदल. उपचार थांबवायला त्यात तीनच अपवाद ठेवले: बाळ कायमचं बेशुद्ध असेल, उपचाराने मरण फक्त लांबत असेल, किंवा उपचार जवळपास निष्फळ आणि अमानुष ठरत असतील. या तिन्ही अपवादांतही योग्य पोषण, पाणी आणि औषधं थांबवायची नाहीत. मला यातला मोलाचा भाग हा वाटतो, की प्रश्न ‘हे आयुष्य जगण्यालायक आहे का’ यावरून ‘हा उपचार उपयोगी पडेल का’ इथवर आला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका दिवसाच्या बाळाबद्दल कोणताच डॉक्टर देऊ शकत नाही. दुसऱ्याचं देऊ शकतो, तेही नेहमी नाही: अगदी अपुऱ्या दिवसांच्या बाळाला व्हेंटिलेटरवर किती काळ ठेवायचं, हा पेच त्या ‘जवळपास’ शब्दात अजूनही अडकलेला आहे.

2006 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंगांच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याच्या 25 व्या कलमात, अपंगत्वावरून आरोग्यसेवा नाकारू नये या वाक्यातच, अन्न आणि पाणी हेही शब्द लिहिलेले आहेत.