घड्याळात क्वार्ट्झ असतो, म्हणून स्फटिकात संकल्प साठतो?

वर्षानुवर्षं फिरणारा दावा असा: क्वार्ट्झ स्फटिक आपोआप कंप पावतो, घड्याळंही त्यावरच चालतात, म्हणून तो हातात धरून मंत्र म्हटला की आपला संकल्प त्यात साठतो.

घड्याळाचा भाग खरा आहे, म्हणून पुढचंही पटतं. क्वार्ट्झवर दाब पडला की किंचित विद्युतभार तयार होतो, हे १८८० पासून माहीत आहे. उलट वीज दिली की त्याचा आकार जरासा बदलतो. घड्याळात सेलवर चालणारं सर्किट नेमक्या मापात कापलेल्या तुकड्याला सेकंदाला ३२,७६८ वेळा हलवतं. सेल काढला की घड्याळ बंद. म्हणजे कंपनाची ऊर्जा सेलमधून येते, खड्यातून नाही.

मुठीतल्या स्फटिकाला सेल नसतो. दाबल्यावर आलेला अतिसूक्ष्म भार लगेच विरून जातो; शब्द किंवा इच्छा टिकून राहील असं त्यात काही नाही. शांत बसून बरं वाटत असेल तर तो अनुभव खराच आहे, फक्त त्याचं श्रेय खड्याला देण्याआधी एकदा तपासावं.

सारख्या आकाराचा क्वार्ट्झ आणि काच जाड कापडात गुंडाळून घ्या. (उघड्या हाताला क्वार्ट्झ जास्त गार लागतो, त्यामुळे कापड हवंच.) प्रत्येक वेळी कोणता द्यायचा ते दुसऱ्याने नाणं उडवून ठरवावं, लिहून ठेवावं, आणि स्वतः समोर थांबू नये. तुम्ही ‘ऊर्जा’ कशात जाणवते ते नोंदवा. वीस वेळा केल्यावर दहाच्या आसपास उत्तरं बरोबर आली, तर ती नुसत्या अंदाजानेही येतात.