कवच टाकलेल्यांची कुळकथा

दिवाळीच्या आधी जळगावात एका काष्ठौषधीच्या दुकानात उभा होतो. माझ्या पुढच्या आजींनी समुद्रफेन मागितला. दुकानदाराने मागच्या पत्र्याच्या डब्यातून पांढरा तुकडा काढला. तळहाताएवढा, होडीसारखा, एका अंगाने टणक, दुसऱ्या अंगाने खडूसारखा मऊ. आजींबरोबरच्या नातवाने त्यात नख रुतवलं तर पीठ पडलं.

"हाई काय शे?" पोराने विचारलं.

"समुद्राचा फेस. वाळला की असा होतो," दुकानदार म्हणाला आणि तोलायला लागला.

त्याचा दोष नाही, नावातच फेस आहे. किनाऱ्यावर लाटांबरोबर हा तुकडा तरंगत येतो, पांढरा असतो, हातात घेतला तर वजन लागत नाही. पूर्वजांनी जे पाहिलं त्याला साजेसं नाव दिलं. पण मोडलेली कड उजेडात धरली तर खारी बिस्किटासारखे एकावर एक पातळ थर दिसतात, आणि फेसाला असे थर नसतात. हा तुकडा कटलफिश नावाच्या प्राण्याच्या पाठीतला आहे. कोकणात ज्यांना माकूळ म्हणतात, त्यांच्याच गोतावळ्यातला हा प्राणी. आपण गमतीने फोनवर ज्याचे व्हिडिओ बघतो, त्या ऑक्टोपसचा जवळचा भाऊबंद.

तापी आपल्या अंगणातून समुद्राला जाते, आपण मात्र जात नाही. खानदेशच्या आठवडे बाजारात समुद्र येतो तो सुकट आणि सुक्या बोंबलांच्या वासाने, माकूळ काही येत नाही. तरीही या घराण्याच्या वस्तू आपल्या घराघरात आहेत, फक्त आपल्याला त्या ओळखता येत नाहीत. समुद्रफेन ही एक. लव्हबर्ड्सच्या पिंजऱ्यात चोच घासायला अडकवलेला पांढरा तुकडा म्हणजेही तोच. आणि सगळ्यात जुनी वस्तू असते देवघरात.

आमच्या आजीच्या देवघरात लिंबाएवढा काळा शाळिग्राम होता. त्याला एका बाजूला भोक, आणि भोकातून बॅटरीचा झोत टाकला की आत गोल फिरत गेलेल्या बारीक कडा दिसत. तेच चक्र. कार्तिकात तुळशीच्या लग्नात नवरदेव म्हणून तोच बसायचा. वज्रकीटक नावाचा किडा दगड कोरतो आणि आत चक्र उमटतं, अशी पुराणातली गोष्ट आजी सांगायची. शाळिग्राम नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रात, मुक्तिनाथच्या बाजूला सापडतात. ते काळ्या खडकातले गोटे आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या पोटात अमोनाइट नावाच्या प्राण्याचं शंख बंद असतं. हिमालय जिथे उभा आहे तिथे साधारण पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्र होता, त्या समुद्राच्या गाळात ते गाडले गेले. म्हणजे दगडाच्या आत एक जीव होता, हे पुराणकारांनी बरोबर ताडलं होतं. फक्त तो दगड कोरून आत शिरला नव्हता, दगडच त्याच्याभोवती जमला. इंग्लंडात व्हिटबी गावच्या लोकांनी याच अमोनाइटांना दगड झालेले साप ठरवलं, आणि सापाला डोकं हवं म्हणून कारागीर ते वरून कोरून विकायचे. आपल्याकडे निदान देवाची छेडछाड झाली नाही.

अमोनाइट शंखात राहायचा, म्हणून तो गोगलगायीसारखा वाटतो. नातं आहेही: गोगलगाय, शिंपला, ऑक्टोपस हे सगळे मृदुकाय, हाडं नसलेले, मऊ अंगाचे. पण अमोनाइटच्या शंखात पडदे घालून खोल्या केलेल्या असत. प्राणी राहायचा सगळ्यात बाहेरच्या खोलीत. वाढला की पुढे सरकायचा आणि मागे नवा पडदा बांधायचा. रिकाम्या झालेल्या खोल्यांत हवा भरायची, आणि सगळ्या खोल्यांतून ओवलेल्या एका बारीक नळीतून पाणी शोषून घेतलं जायचं. गोगलगाय आपलं घर तळावर ओढत नेते. याने घराचाच फुगा केला आणि तळ सोडला.

ही युक्ती अमोनाइटच्याही फार आधीची. साधारण ४९ कोटी वर्षांपूर्वीची, बोटाच्या पेराहून लहान शंखं चीनमध्ये सापडली आहेत, त्यांतही पडद्यांच्या खोल्या आहेत. पुढे सरळ भाल्यासारखी, कित्येक मीटर लांबीची शंखं झाली. मासे अजून वयात यायचे होते, त्यामुळे समुद्रातले मोठे शिकारी हेच. या प्राण्यांना शास्त्रात शीर्षपाद म्हणतात, कारण पाय थेट डोक्यातूनच फुटतात. नाव बोजड आहे, पण चित्र बरोबर उभं राहतं.

आपल्या जवळचे अमोनाइट बघायला हिमालयात जायची गरज नाही. सातपुडा ओलांडून नर्मदा पार केली की धार जिल्ह्यात बाघ लागतं. बाघ म्हटलं की अजिंठ्यासारखी चित्रं असलेल्या लेण्यांची आठवण होते. भूशास्त्राच्या लोकांना मात्र तिथला चुनखडक आठवतो. सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्राचा एक फाटा नर्मदेच्या खोऱ्यात आत शिरला होता, त्याचा हा गाळ. त्यात अमोनाइट सापडतात. १९०७ साली भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या व्रेडेनबर्ग यांनी त्यांचं वर्णन छापलं. नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा नर्मदाच. तेव्हा एकेकाळी समुद्र आपल्या उंबऱ्यापर्यंत आला होता, असं म्हणायला हरकत नाही.

मग आला लाव्हा. खानदेशाच्या पायाखालचा काळा दगड, धुळे-नंदुरबारकडे शेताशिवारातून भिंतीसारखे उभे राहिलेले लांबच लांब खडकाचे कणे, कापसाची काळी जमीन, सगळं त्या लाव्ह्याचं देणं. जमिनीला भेगा पडून लाव्हा थरावर थर पसरत गेला आणि अजूनही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. काळ साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच सुमाराला मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर मोठा अशनी आदळला. डायनासोर गेले हे सगळ्यांना माहीत असतं. अमोनाइटही तेव्हाच गेले, तीस कोटींहून जास्त वर्षं समुद्र गाजवून. अशनीचा घाव मुख्य होता असं बहुतेक अभ्यासक मानतात, आपल्या लाव्ह्याचा वाटा किती यावर वाद चालू आहे. पण शाळिग्रामातल्या जिवाचं घराणं ज्या उलथापालथीत संपलं, तिचा निम्मा पुरावा आपल्या विहिरींच्या कातळात आहे, हे मला दर वेळी विहीर खणताना निघालेल्या दगडाकडे बघून आठवतं.

शंखवाल्यांपैकी नॉटिलस तेवढा वाचला. तोही खोल्यांच्या शंखातच राहतो, दिसतोही अमोनाइटसारखा, पण नात्याने अमोनाइट त्याच्यापेक्षा ऑक्टोपसला जवळचा. नॉटिलस का वाचला? त्याची अंडी मोठी, पिल्लं जन्मतःच बऱ्यापैकी वाढलेली, आणि मुक्काम खोल पाण्यात. अमोनाइटची पिल्लं कणाएवढी, पृष्ठभागाजवळच्या सूक्ष्म जिवांवर जगणारी. आकाश काळवंडलं आणि वरच्या पाण्यातलं अन्न संपलं तेव्हा पोरं आधी उपाशी मेली, असा सर्वसाधारण तर्क आहे.

दुसरी शाखा फार आधीच वेगळ्या वाटेला लागली होती. तिने कवच अंगाबाहेर न ठेवता अंगात घेतलं. समुद्रफेन म्हणजे तेच आत ओढलेलं कवच. खारीसारखे दिसलेले थर म्हणजे पडदे, मधल्या पोकळ्या म्हणजे खोल्या. कटलफिश त्यातलं पाणी कमी-जास्त करून वर राहतो किंवा तळाशी बसतो. ब्रिटनमध्ये प्लिमथच्या प्रयोगशाळेत एरिक डेंटन आणि गिल्पिन-ब्राउन यांनी १९६१ च्या सुमारास हे दाखवून दिलं. नव्वद टक्क्यांहून जास्त भाग पोकळ असतो, म्हणून प्राणी मेल्यावर तुकडा तरंगत किनाऱ्याला लागतो आणि माणसांना फेस वाटतो. आजीच्या शाळिग्रामाची आणि दुकानातल्या समुद्रफेनाची रचना मुळात एकच आहे. मला तर हे कळल्यापासून दोन्ही शेजारी ठेवून बघावंसं वाटतं, पण देवघरात असले प्रयोग चालत नाहीत.

स्क्विडने, म्हणजे खऱ्या माकुळाने, चुनाही सोडला. कोकणात माकूळ साफ करताना पाठीतून प्लॅस्टिकच्या पट्टीसारखी पारदर्शक काडी ओढून काढतात, तेवढीच त्याच्या कवचाची आठवण. ऑक्टोपसच्या अंगात तर बहुतेक काहीच राहिलं नाही. कडक अशी एक चोच. जिथून चोच जाईल तिथून अख्खा ऑक्टोपस जातो.

कवच गेलं की पळावं लागतं, लपावं लागतं, फसवावं लागतं. कातडीत रंगाच्या हजारो पिशव्या, प्रत्येकीभोवती स्नायू, आणि त्या स्नायूंना थेट मेंदूकडून मज्जातंतू. त्यामुळे क्षणात रंग पालटतो. गंमत म्हणजे बहुतेक शीर्षपादांच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या पेशी एकाच प्रकारच्या, म्हणजे आपल्या हिशेबाने ते रंगांधळे. रक्त तांब्याचं, म्हणून निळसर. हृदयं तीन. अन्ननलिका मेंदूच्या मधोमध जाते, म्हणून घास बारीक करूनच गिळावा लागतो. ऑक्टोपसच्या मज्जापेशी सुमारे ५० कोटी, आणि त्यांतल्या जवळपास दोन तृतीयांश हातांत. हात मेंदूला विचारून हलतो, तसा बराच न विचारताही हलतो.

या हुशारीची दखल माणसाने फार उशिरा घेतली. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने ऑक्टोपसला मूर्ख ठरवलं. कारण काय, तर पाण्यात हात घातला की तो जवळ येतो. हीच गोष्ट आज पाणबुडे कौतुकाने सांगतात. ॲरिस्टॉटलने बाकी बरंच नीट पाहिलं होतं. नर एका खास हाताने मादीला बीज देतो, हे त्याच्या लिखाणात आहे. ते पुढे विसरलं गेलं. १८२९ साली जॉर्ज क्युविए या फ्रेंच पंडिताला मादीच्या अंगात तुटून राहिलेला असा हात सापडला आणि त्याने तो परजीवी किडा समजून त्याला रीतसर नाव देऊन टाकलं! किड्याचं नाव पुसलं गेलं नाही, आजही त्या हाताला तेच म्हणतात. वज्रकीटकाच्या गोष्टीला हसणाऱ्यांनी ही गोष्टही लक्षात ठेवावी.

त्याच काळात सिसिलीतल्या मेसिनात जान व्हिलप्रू-पॉवर नावाची बाई काम करत होती. फ्रान्समध्ये शिवणकाम करून ती मोठी झाली, लग्नानंतर मेसिनात आली आणि समुद्री जीव पाळता यावेत म्हणून काचेच्या पेट्या बनवून घेऊ लागली. आजच्या मत्स्यालयाचं ते एक मूळ. आर्गोनॉट नावाच्या लहान ऑक्टोपसचं कागदासारखं पातळ शंख त्याचं स्वतःचं की दुसऱ्या कुणाचं ढापलेलं, यावर तेव्हा पंडितांत भांडण होतं. १८३० च्या दशकात तिने शंखाला मुद्दाम भोकं पाडली आणि वाट पाहिली. मादीने आपल्या हातांनी नवा थर लिंपून भोकं बुजवली. शंख तिचंच, पण पूर्वजांच्या शंखाशी त्याचा काही संबंध नाही. अंडी सांभाळायला तिने ते नव्याने केलेलं आहे.

स्क्विडचा उपयोग मात्र सगळ्यात मोठा झाला तो आपल्याला स्वतःला समजून घ्यायला. १९३६ मध्ये जे. झेड. यंग यांनी त्याच्या अंगातला, जवळपास एक मिलिमीटर जाडीचा मज्जातंतू दाखवून दिला. माणसाचे तंतू केसाहून कितीतरी बारीक, त्यांत सुई घालणार कुठे? या जाड तंतूत विजेची तार घालून हॉजकिन आणि हक्सले यांनी मज्जातंतूतून संदेश कसा धावतो ते १९५२ पर्यंत गणितासह मांडलं. १९६३ साली त्यांना नोबेल मिळालं. डॉक्टर होणारी पोरं आज ते पहिल्या वर्षाला शिकतात.

शाईबद्दल एवढंच: कटलफिशचं ग्रीक नाव सेपिया, आणि त्याच्या शाईवरून तपकिरी रंगाला तेच नाव पडलं. होमिओपॅथीच्या दुकानात सेपिया म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांचं मूळही ती शाईच. आजोबांचा तपकिरी फोटो मात्र शाईने तपकिरी नसतो. तो फोटोतल्या चांदीवर गंधकाची प्रक्रिया केल्याने तसा होतो.

एवढा मेंदू घेऊन ऑक्टोपस जगतो किती? अनेक जाती वर्ष-दोन वर्षं. मादी अंडी घालते, त्यांच्यावर पाणी खेळवत राहते, खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांजवळच्या ग्रंथी काढल्या, तर त्या अंडी सोडून पुन्हा खाऊ लागल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे मरण बाहेरून येत नव्हतं, आतून सुटत होतं. कॅलिफोर्नियाजवळच्या खोल समुद्रात एक मादी एकाच खडकावर ५३ महिने अंडी धरून बसलेली दिसली. आईची पिल्लांशी अशी भेटच होत नाही, त्यामुळे प्रत्येक पिल्लू सगळं पहिल्यापासून शिकतं.

२००९ मध्ये इंडोनेशियातलं एक निरीक्षण छापून आलं. तिथला एक लहान ऑक्टोपस माणसांनी समुद्रात टाकलेली नारळाची करवंटी चिखलातून उकरतो, पाण्याची धार मारून धुतो, पोटाखाली धरतो आणि हात काठ्यांसारखे ताठ करून वाळूवरून तुरुतुरु चालत जातो. चालताना तिचा काही उपयोग नसतो, उलट पळायला अडचणच. पण उघड्या जागी पोचला की तो आत बसतो, आणि दुसरी करवंटी मिळाली असेल तर ती वरून झाकून घेतो.