मास्कमधली तीन मिनिटं

तासगावच्या मावशीचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन येत्या मंगळवारी मिरजेत आहे. ऑपरेशनला ती घाबरत नाही, मास्कला घाबरते. शेजारणीनं सांगून ठेवलंय, "नाकातोंडावर दाबून धरतात, जीव गुदमरतो, त्या वासानंच शुद्ध जाते."

मोठ्या माणसांना भूल बहुधा शिरेतूनच देतात. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध सलाइनच्या नळीतून जातं आणि मिनिटाभरात डोळे मिटतात. त्याआधी जो मास्क लावतात त्यात असतो नुसता ऑक्सिजन. (लहान मुलांची गोष्ट वेगळी, त्यांना पुष्कळदा मास्कमधूनच भूल देतात.)

श्वास सोडला तरी फुप्फुसं रिकामी होत नाहीत. साधारण अडीच लिटर हवा आत उरतेच, आडवं झाल्यावर त्याहून थोडी कमी. तिच्यात बहुतांश नायट्रोजन, या घडीला शरीराच्या काहीच कामाचा नाही. ऑक्सिजन 14 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे जेमतेम 350 मिलिलिटर. नुसतं पडून राहिलेल्या माणसालाही मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर लागतो. आता भूल चढली, स्नायू सैल करणारं औषध दिलं, की श्वास थांबतो. श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत भूलतज्ज्ञांच्या हाती किती वेळ? मिनिट-दीड मिनिट!

म्हणून आधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन. दर श्वासाला थोडा थोडा नायट्रोजन बाहेर पडतो आणि त्याची जागा ऑक्सिजन घेतो. फुप्फुसं तीच, पण साठा दोन लिटरच्या वर. निरोगी माणसाला यातून आठेक मिनिटं मिळतात. स्थूल माणसाला आणि गरोदर बाईला बरीच कमी, म्हणून तिथं जास्त दक्षता. मास्क घट्ट धरतात तोही यासाठीच. जरा फट राहिली की खोलीतली हवा, म्हणजे पुन्हा नायट्रोजन, आत शिरतो.

बोटाला रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा चिमटा लावलाय ना, मग आधीच एवढी तयारी कशाला, असं वाटेल. पण हिमोग्लोबिननं धरून ठेवलेल्या ऑक्सिजनचा आलेख सरळ उतरत नाही, आणि चिमटा तेवढाच टक्क्यांत दाखवतो. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब 100 वरून 60 मिलिमीटरवर आला तरी चिमट्यावरचा आकडा 98 वरून 90 पर्यंतच येतो. तिथून पुढे मात्र कडाच. आकडा घसरायला लागतो तोवर साठ्यातलं बरंचसं संपलेलं असतं.

मावशीच्या घरी अमावास्येची चर्चाही झाली. तिथी बघून ऑपरेशन पुढं ढकलू नका. त्याऐवजी दमा, रक्तदाबाच्या गोळ्या, हलणारा दात, आधीच्या भुलीत झालेला त्रास, हे सगळं भूलतज्ज्ञांना सांगा. ते सांगतील तितके तास उपाशी राहा. साधं पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालतं, पण दुधाचा चहा जेवणातच धरतात, त्याला सहा तास. भुलीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर फार महागात पडतं.

मावशीला काल हे सगळं समजावलं. तिनं एकच विचारलं, "मास्क मीच हातात धरला तर चालेल?" बऱ्याच ठिकाणी चालतं. मंगळवारी टेबलावर गेल्यावर तसं विचार, म्हटलं.