साक्षीदार आझमगडला, खटला ठाण्यात

"गोडाऊनचा वॉचमन गावी गेला, आझमगडला. व्हीसीवर कमिशन मागा ना, वकीलसाहेब." ठाण्यात कोर्ट नाक्यावर पक्षकाराच्या तोंडून हे ऐकलं की हातातला चहा बाजूला ठेवावा लागतो. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग आणि कमिशन म्हणजे दुसरीकडच्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडून साक्ष लिहून घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी. साक्षीदाराला प्रवास नाही आणि शपथ मात्र आहे, हे दोन्हींत सारखं. घोळ होतो तो त्यामुळेच.

कमिशनवर साक्ष होते तेव्हा खटला चालवणारे न्यायाधीश साक्षीदाराला बघतच नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 319, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं (सीआरपीसी) 284, म्हणतं की साक्ष न्यायासाठी गरजेची असेल आणि साक्षीदाराला आणायला अवाजवी उशीर, खर्च किंवा गैरसोय होणार असेल, तर कमिशन काढता येतं. (राष्ट्रपती किंवा राज्यपाल साक्षीदार असतील तर काढावंच लागतं. आपल्या वॉचमनला ती सोय नाही.) ते जातं आझमगडच्या मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. समन्स तिथून निघतं, शपथ तिथे होते, साक्ष तिथेच लिहिली जाते आणि कागद ठाण्याला परत येतात. पक्षकारांना लेखी प्रश्नावली पाठवता येते, किंवा वकिलाने तिकडे जाऊन उलटतपास घ्यायचा. आरोपी जामिनावर असेल तर स्वतः जाऊ शकतो. ठाणे कारागृहात असेल तर फक्त वकील. साक्षीदार सरकार पक्षाचा असेल तर आरोपीचा वाजवी खर्च, वकिलाची फी धरून, सरकार पक्षाने द्यावा असं कोर्ट सांगू शकतं. हे मागायचं बरेच जण विसरतात.

व्हीसीत कोर्ट ठाण्यातच बसतं, साक्षीदार तेवढा पडद्यावर. साक्ष आरोपीच्या समक्ष व्हायला हवी, मग पडद्यावरचं 'समक्ष' कसं, हा वाद सुप्रीम कोर्टाने 2003 मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या निकालात, पडद्यावरचंही चालतं असं सांगून, मिटवला. तिथे अमेरिकेतले डॉक्टर भारतात यायला तयार नव्हते. फेब्रुवारी 2016 मध्ये 26/11 हल्ल्याच्या प्रकरणातल्या डेव्हिड हेडलीची साक्ष मुंबईच्या कोर्टाने अमेरिकेतून अशीच घेतली. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या संहितेत तर, साक्ष आरोपीच्या समक्ष घ्या असं सांगणाऱ्या कलम 308 मध्येच दृकश्राव्य साधनांचा उल्लेख आहे.

पोलिसांनी गावी जाऊन घेतलेला जबाब या दोन्हींत बसत नाही. त्याला शपथ नसते, साक्षीदाराची सहीही नसते.

माझं मत विचाराल तर वॉचमनसारख्या साक्षीदाराला व्हीसीच. आरोपीकडे बघताना तो चाचरला का, हे निकाल लिहिणाऱ्याला दिसलं पाहिजे. कमिशनच्या कागदात चाचरणं उतरत नाही. पण पडद्याचीही एक खोड आहे. उलटतपासात नेमका अडचणीचा प्रश्न टाकावा, की पलीकडून "आवाज येत नाही, साहेब". प्रश्न पुन्हा विचारेपर्यंत साक्षीदाराला विचार करायला निवांत वेळ मिळालेला असतो. दुसरी अडचण कागदांची. "ही सही तुमचीच ना?" विचारायचं तर निशाणी (कोर्टाचा पुरावा क्रमांक) पडलेल्या कागदाची प्रत आधीच पलीकडे पोचलेली हवी. नाहीतर क्लार्क कॅमेऱ्यासमोर कागद धरून उभा आणि साक्षीदार डोळे बारीक करून बघतोय, असा प्रकार होतो.

म्हणून अर्जात नुसतं 'व्हीसीद्वारे' लिहून थांबू नका. जागा म्हणून आझमगडच्या कोर्टाची इमारत मागा, खोलीत तिथला कर्मचारी हजर असू द्या. साक्षीदाराच्या अंगणातला मोबाईल चालेल का, असं कुणी विचारलं तर तिथेच हरकत घ्या.