रस्सा खारट झालाय हे आधी कोणाला कळतं?

पारोळा ओलांडून एरंडोलकडे निघालं की हायवेला एक ढाबा लागतो. तिथली ‘वेटर पाहिजे’ ही पाटी चक्क ऑइल पेंटने रंगवलेली आहे. म्हणजे पोरं सोडून जाणार, हे शेठने धरूनच ठेवलंय. “आजकालची पोरं टिकतच नाहीत,” हे त्यांचं निदान. दारावरचं लिंबू-मिरची मात्र दर शनिवारी न चुकता बदललं जातं.

त्या दिवशी शेवभाजीचा रस्सा खारट होता. वाढणारा पोऱ्या हळूच म्हणाला, “माहितीये काका, तुमचं चौथं टेबल.” मग वस्तादला, म्हणजे आचाऱ्याला, का नाही सांगितलं? “माले काय करनं शे?” मागे एकाने सांगितलं, तर गिऱ्हाइकाने टाकलेल्या भाजीचे पैसे त्याच्याच पगारातून कापले होते.

हा आळस नाही. इथे मला हार्वर्डच्या प्राध्यापक एमी एडमंडसन यांचं संशोधन आठवतं. अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांच्या आठ विभागांत औषधं देताना होणाऱ्या चुका त्या मोजत होत्या. ज्या विभागात प्रमुख चांगला, तिथे चुका कमी, अशी अपेक्षा. आकडे आले उलटे! मग आकड्यांची कल्पना नसलेल्या एका निरीक्षकाला विभागांत पाठवलं, तेव्हा उलगडा झाला. चांगल्या विभागांत लोक चुका उघड बोलत होते, बाकी ठिकाणी दडवत होते. मोजली गेली होती ती चुकांची नोंद. हे 1996 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 1999 मध्ये एका उत्पादक कंपनीतल्या 51 गटांच्या अभ्यासात त्यांनी यासाठी शब्द वापरला: मानसिक सुरक्षितता, म्हणजे खरं बोललो तर अंगाशी येणार नाही हा भरवसा.

आता पोऱ्याच्या डोक्यातला हिशेब मांडा. सांगितलं तर फायदा शेठचा, तोही उशिरा आणि पुसट. तोटा स्वतःचा, आत्ता आणि नक्की. फायद्याला त्याच्या शक्यतेने गुणा, तोट्याला त्याच्या. वजाबाकी केली की उत्तर ऋणच येतं. म्हणून गप्प बसणं हाच शहाणपणा ठरतो. शेठच्या हातात या समीकरणातली एकच संख्या आहे: वाईट बातमी ऐकल्यावर तोंडातून निघणारं पहिलं वाक्य. ते बाकीचे पाच वेटरही ऐकत असतात, त्यामुळे एका ओरडण्यात सहा तोंडं बंद होतात. ‘लीडरशिपचे सात मंत्र’ विकणाऱ्या शिबिरांत हे सांगत नाहीत. एका वाक्याची फी किती लावणार?

अर्थात, साहेब चांगला म्हणून काम चांगलं, की काम चांगलं चाललंय म्हणून साहेब चांगला वाटतो? बऱ्याच पाहण्यांत ‘साहेब कसा?’ आणि ‘काम कसं?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच माणसाने एकाच वेळी भरलेली असतात. तिथे सहसंबंध फुगतो, म्हणजे दोन्हींचं नातं असतं त्याहून घट्ट दिसतं. ते आकडे जपूनच वाचावेत.

राहिली निष्ठा. मेयर आणि अ‍ॅलन या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये तिचे तीन धागे वेगळे केले: जीव लागला म्हणून राहणं, उपकारांची जाण म्हणून राहणं आणि सोडणं परवडत नाही म्हणून राहणं. आपल्याकडची उचल, म्हणजे कामाआधीच घेतलेले पैसे, हा तिसरा धागा. तिने माणूस जागेवर राहतो, पण रस्सा खारट आहे हे सांगायला तो तोंड उघडत नाही.

त्या पोऱ्याची उचल दिवाळीपर्यंत फिटते. मग सुरतेला जाणार, म्हणाला.