सहसंयुज संयुगे : बंध आणि नामकरण

अधातूंचे अणू इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांचे संदान करतात, म्हणजे त्या सामाईक वापरतात, तेव्हा त्यांच्यात सहसंयुज बंध तयार होतो. पाणी, अमोनिया, मिथेन ही अशा बंधांच्या संयुगांची नेहमीची उदाहरणे. संदानाची कल्पना अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये मांडली.

मिठाला ‘सोडियम क्लोराइड’ म्हटले की भागते, कारण दोन्ही आयनांचे प्रभार ठरलेले असतात आणि सूत्र आपोआप निघते. अधातूंचे तसे नाही. एकट्या नायट्रोजनची निदान सहा ऑक्साइडे आहेत. म्हणून येथे अणूंची संख्या नावातच सांगावी लागते: मोनो, डाय, ट्राय, टेट्रा, पेंटा. कमी विद्युतऋण, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे कमी ओढणारे, मूलद्रव्य आधी येते, दुसऱ्याच्या शेवटी ‘आइड’ लागतो आणि पहिल्याचा ‘मोनो’ गाळतात. ऑक्सिजन बहुतेकदा दुसरा असतो. पण फ्लोरीन त्याच्याहूनही विद्युतऋण असल्याने ‘ऑक्सिजन डायफ्लोराइड’ असे नाव होते. पाणी व अमोनिया यांना मात्र हे नियम कोणी लावत बसत नाही.

कार्बन मोनॉक्साइडमध्ये कार्बनचे ४ आणि ऑक्सिजनचे ६ असे १० संयुजा (सर्वांत बाहेरच्या कवचातले) इलेक्ट्रॉन असतात. दोघांचेही अष्टक, म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन, पुरे व्हायचे तर तीन जोड्या सामाईक हव्यात. त्यांपैकी एका जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच देतो. हा तिहेरी बंध तोडायला मोलमागे सुमारे १,०७२ किलोज्यूल ऊर्जा लागते. नायट्रोजन वायूच्या तिहेरी बंधाला सुमारे ९४५. कार्बन डायऑक्साइडमध्ये दोन दुहेरी बंध असतात आणि रेणू सरळ रेषेत असतो.

नावावरून अणू मोजता येतात, रचना कळत नाही. भूल देण्यासाठी वापरतात तो डायनायट्रोजन मोनॉक्साइड घ्या. पाण्याच्या धर्तीवर ऑक्सिजन मधे काढण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात दोन नायट्रोजन एकमेकांना जोडलेले असून ऑक्सिजन टोकाला असतो. नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये तर संयुजा इलेक्ट्रॉन १७, म्हणजे विषम. सगळ्यांचे अष्टक जमतच नाही. थंड केल्यावर या तपकिरी वायूचे रेणू दोन-दोन जोडले जाऊन रंगहीन डायनायट्रोजन टेट्रॉक्साइड बनते.

कधी मोजणीही फसवी असते. ‘फॉस्फरस पेंटॉक्साइड’ हे प्रचलित नाव केवळ २:५ या गुणोत्तरावरून पडले आहे. पाणी शोषणाऱ्या या पदार्थाच्या नेहमीच्या रेणूत फॉस्फरसचे ४ आणि ऑक्सिजनचे १० अणू असतात. त्यामुळे नियमाने त्याला टेट्राफॉस्फरस डेकॉक्साइड म्हणायला हवे.